परिस्थिती ओळखणारे पदार्थ

लेखास आरंभ करण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. गेली वीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहे. रसायनशास्त्राशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर कायमचा संपला, अशी माझी समजूत होती. तो पुन्हा जुळला तो एका काचेच्या नळीमुळे.

मागील हिवाळ्यात आपल्या वस्तीत सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. शेजारच्या टेबलावर तंत्रज्ञ बोटातून रक्ताचे थेंब घेऊन नळीतल्या औषधी पाण्यात टाकीत आणि काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरीत. रेघा नळीतून स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करावयाची. बारावी विज्ञानाला असलेली एक मुलगी बराच वेळ हे पाहत उभी होती. तिने मला विचारले, "काका, काहींचेच पाणी गढूळ का होते?"

मला उत्तर देता आले नाही. याची मला विशेष खंत वाटली, कारण माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. तिच्या वेदना आम्ही बारा वर्षे पाहत आहोत. पण तिच्या रक्तात नेमके काय घडते, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी थेट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका संशोधनापर्यंत पोहोचलो. तो प्रवास या लेखात सांगावयाचा आहे.

जेल म्हणजे काय?

येथे जेल म्हणजे तुरुंग नव्हे, हे प्रथम सांगतो. पण तुलना अगदीच चुकीची नाही, कारण या जेलमध्ये पाणी कोंडलेले असते. उन्हाळ्यात आपण सब्जाचे बी पाण्यात भिजत घालतो. थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गिलावा तयार होतो. त्या गिलाव्यात बहुतांश पाणीच असते, तरी ते वाहून जात नाही. सब्जाच्या सालीतील लांबलचक रेणूंचे जाळे त्याला धरून ठेवते. अशा लांब, साखळीसारख्या रेणूंना शास्त्रीय मराठीत बहुवारिक म्हणतात. व्यवहारात आपण पॉलिमर म्हणतो. पॉलिमरच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हायड्रोजेल.

आपल्या शरीराचा बराचसा भाग असाच मऊ व पाणीदार आहे. डोळ्याचे बुबुळ, सांध्यातील कूर्चा, जठराचे अस्तर ही त्याची उदाहरणे. त्यामुळे शरीरात किंवा शरीरावर वापरावयाचे साहित्य धातूचे असण्यापेक्षा जेलचे असावे, हा विचार पुढे आला. चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये जैविक उपयोगाच्या जेलविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी, १९६१ च्या नाताळात, विख्टरले यांनी मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून घरीच यंत्र तयार केले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवली. आज लाखो लोक डोळ्यात घालतात त्या मऊ लेन्सची सुरुवात अशी झाली.

ओळख ठेवणारा पदार्थ

लेन्सचा जेल डोळ्यात शांतपणे बसून राहतो. शास्त्रज्ञांना पुढे असा पदार्थ हवा होता, की जो भोवतालची परिस्थिती ओळखून आपले वागणे बदलील. उष्णता वाढली, आम्लता कमी झाली, एखादा क्षार आला, तर त्याने फुगावे, आकसावे, चिकटावे किंवा विरघळावे. आणि परिस्थिती पूर्ववत झाली की त्यानेही शक्यतो पूर्ववत व्हावे. अशा पदार्थांना प्रतिसादी पदार्थ म्हणता येईल.

हे ऐकून फार दूरचे काही वाटेल. परंतु वाचकहो, असा पदार्थ बहुधा तुमच्या घरातील औषधांच्या डब्यातच असेल. आम्लपित्तासाठी डॉक्टर पॅन्टोप्रॅझोलची गोळी देतात आणि ती तोडू नका, चावू नका असे सांगतात. त्याचे कारण तिच्यावरील पातळ आवरणात आहे. हे औषध जठरातील तीव्र आम्लात टिकत नाही. ते आतड्यापर्यंत सुखरूप पोहोचावे म्हणून गोळीवर पॉलिमरचा थर देतात. या पॉलिमरच्या साखळीला आम्लगट जोडलेले असतात. जठरात आम्ल भरपूर असल्यामुळे प्रत्येक आम्लगट आपला हायड्रोजन सोडत नाही, त्यावर विद्युतभार येत नाही, आणि आवरण घट्ट राहते. आतड्यात आम्लता कमी होताच हे गट हायड्रोजन सोडतात. सर्वांवर ऋणभार येतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या सुट्या होतात आणि आवरण विरघळते. त्या आवरणाला डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी आपण जठरात आहोत की आतड्यात, हे त्याला कळते. गोळी तोडली की ही सारी योजना वाया जाते.

आम्लगटाची ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे पुण्याच्या प्रयोगात आणि आपल्या रक्तातही तोच भेटणार आहे.

उष्णतेला प्रतिसाद देणारे पॉलिमरही आहेत. त्यांपैकी एक सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली पाण्यात मोकळा पसरतो आणि त्याच्या वर आकसून गोळा होतो. जपानमधील तेरुओ ओकानो यांच्या गटाने या पॉलिमरचा थर काचपात्रावर देऊन त्यावर शरीरातील पेशी वाढवल्या. पात्र थोडे थंड केले की पेशींचा अखंड पापुद्रा न फाटता सुटून येतो. रुग्णाच्या तोंडातील अस्तराच्या पेशींचा असा पापुद्रा करून तो डोळ्याच्या खराब झालेल्या पृष्ठभागावर बसवल्याचे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १९७८ मध्ये, अमेरिकेत तोयोइची तनाका यांनी दाखवून दिले होते की परिस्थितीत किंचित बदल केला तरी जेलचे आकारमान एकदम शेकडो पटींनी बदलू शकते. थोडक्या कारणाने मोठा परिणाम, हे या पदार्थांचे वैशिष्ट्य होय.

पुण्यातील काम

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले, वडील लहानपणीच वारल्यावर मुंबईत आईच्या कष्टावर वाढलेले आणि महापालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये तेथे रुजू झाले. १९८९ मध्ये ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. लोक त्यांना हळदीच्या पेटंटच्या लढ्यामुळे ओळखतात. पण त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचा एक मोठा भाग पॉलिमर आणि जेल यांविषयी आहे. आशिष लेले, मनोहर बडिगेर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी एका मूलभूत प्रश्नाचा पाठपुरावा केला. जेलच्या साखळीवर पाण्याशी सलगी करणारे गट असतात, तसेच तेलासारखे पाण्याशी फटकून वागणारेही गट असतात. या दोहोंचे प्रमाण बदलले तर जेल कसा वागेल, हा तो प्रश्न.

या गटात शायनी वर्गीस या तरुण संशोधिकेने माशेलकर व लेले यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.चे काम केले. त्यांनी तयार केलेल्या जेलच्या साखळीला बाजूने लहान लहान फांद्या होत्या. प्रत्येक फांदीची दांडी तेलकट आणि टोकाला आम्लगट. हा जेल तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात ठेवला असता त्याने आपणहून पोकळ आकार धारण केला. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००६ मध्ये या गटाने दाखवले की तांब्याच्या आयनांच्या मदतीने तुटलेला जेल पुन्हा सांधता येतो. आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. फुटलेल्या भांड्याला जोड द्यावयाचा तर भट्टी, हातोडी आणि कसबी हात लागतो. येथे पाण्यात विरघळलेल्या तांब्याने जोड दिला, आणि तोही कोणी न ठोकता.

वर्गीस पुढे अमेरिकेत गेल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेत त्यांनी पुण्याचाच धागा पुढे नेला. मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अमेय फडके हे पहिले लेखक होते, आणि लेखकांत पुण्याचे माशेलकर व लेले हेही होते. या वेळी तांबेही लागले नाही. जेलचे दोन तुकडे आम्लयुक्त पाण्यात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांतच जुळत. ओढले, ताणले तरी सांधा टिकून राही. आम्ल काढून पाणी अल्कधर्मी केले की तुकडे पुन्हा सुटे होत. पुन्हा आम्ल, पुन्हा जोड.

याचे कारण त्या फांद्यांत होते. आम्लात टोकाचा गट आपला हायड्रोजन धरून ठेवतो, त्यामुळे समोरच्या तुकड्यावरील गटाशी तो हातमिळवणी करू शकतो. अल्कधर्मी पाण्यात त्यावर ऋणभार येतो आणि हात सुटतो. गोळीच्या आवरणाचीच ही सवय, फक्त उपयोग निराळा. फांदीची लांबीही मोजकीच हवी होती. आखूड फांदी पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोहोचत नाही. फार लांब केली तर तेलकट दांड्या आपापसात गुंतून बसतात आणि टोके बाहेर येत नाहीत. मध्यम लांबीवर तेलकटपणा आणि पाणीपणा यांचा समतोल साधला, आणि जेल सांधू लागला.

जठरात आम्ल असतेच. तेव्हा अल्सर फुटून जठराला छिद्र पडल्यास असा जेल तेथे चिकटून छिद्र बुजवील, त्यातून औषधही हळूहळू सोडता येईल, अशी शक्यता त्या निबंधात मांडली आहे. मात्र हे काम प्रयोगशाळेतील होते, रुग्णांवरील नव्हते. जठरासाठी आखलेला जेल रक्तवाहिनीत चालणार नाही, कारण तेथे आम्ल नाही. प्रत्येक अवयवासाठी वेगळा समतोल शोधावा लागतो, मग तो शरीराला बाधक नाही ना हे वर्षानुवर्षे तपासावे लागते. वर्तमानपत्रात एखादा शोध वाचून उद्याच औषध मिळेल अशी आशा धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वर्गीस पुढे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, तर आशिष लेले २०२१ मध्ये त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

तोच खेळ आपल्या रक्तात

आता त्या काचेच्या नळीकडे परत येतो. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. ते प्राणवायू वाहून नेते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने इतानो, सिंगर व वेल्स या सहकाऱ्यांसह दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. म्हणजे त्यावरील विद्युतभारच वेगळा आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत आहे, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी इंग्लंडात तो फरक नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयास हवे, तेथे व्हॅलीन आलेले असते. बाकी १४५ जागा जशाच्या तशा.

ग्लुटामिक आम्लाच्या टोकाला काय असते? आम्लगट! रक्तात त्यावर ऋणभार असतो. व्हॅलीन मात्र तेलकट, पाण्याशी फटकून वागणारे. म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत ज्या दोन गुणांचा समतोल साधण्यासाठी वर्षे खर्ची पडली, तोच समतोल येथे जन्मतःच एका जागी बिघडलेला असतो. हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू असेतो काही बिघडत नाही. प्राणवायू सोडताच त्याचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडते, आणि व्हॅलीनचा तेलकट ठिपका त्या खाचेत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे जुळत चौदा धाग्यांचे ताठ दोर तयार होतात. पेशीतील द्रव जेलसारखा घट्ट होतो आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळाला की दोर विरघळतात, पण असे वारंवार होऊन पेशी कायमची वाकडी होते व लहान रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातूनच असह्य वेदना होतात.

शिबिरातील नळीत हेच घडते. त्या पाण्यातील एक रसायन रक्तातील प्राणवायू काढून घेते. निरोगी हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते. सिकल हिमोग्लोबिन गोळा होऊन पाणी गढूळ करते आणि रेघा झाकल्या जातात. पुढे वाहक कोण व रुग्ण कोण हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करतात. ती पॉलिंग यांच्या १९४९ च्या पद्धतीचीच नात म्हणावी लागेल.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे हे उत्तर. परिस्थिती ओळखणारा पदार्थ निसर्गानेही केला आहे. तो आपल्या काही भावंडांच्या रक्तात आहे. विदर्भात या आजाराची नोंद १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी केली होती.

पाण्याची बाटली

माझ्या भाचीच्या दप्तरात माझी बहीण रोज मोठी पाण्याची बाटली ठेवते. थंडीत भिजू नको, ताप अंगावर काढू नको, पाणी पीत राहा, असा तिचा धोशा असतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत तासाच्या मध्ये पाणी प्यायचे नाही असा नियम होता. सोसून बसलेल्या पोरीला त्या रात्री दवाखान्यात न्यावे लागले. मी तेव्हा बहिणीला म्हणालो होतो, "एवढ्याशा पाण्याने काय होते?" हे वाक्य मला आता टोचते. सिकल हिमोग्लोबिनचे दोर किती लवकर बनतील, हे पेशीत ते किती दाट आहे यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. शरीरातील पाणी थोडे कमी झाले, पेशी थोडी आटली, की जुळणी कित्येक पटींनी वेगाने होते. थोडक्या कारणाने मोठा परिणाम! जेलचा नियम तोच. माझ्या अशिक्षित नव्हे पण विज्ञान न शिकलेल्या बहिणीला जे अनुभवाने कळले, ते मला पदवी असून कळले नव्हते.

पुण्याच्या जेलने सिकलसेल बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण औषधही त्याच समजुतीतून आले आहे. हायड्रॉक्सियुरिया घेतल्याने शरीरात बाळपणीचे, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. ते या दोरांत सामील होत नाही आणि जुळणी अडते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करूनच घ्यावयाचे असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकीय उपचारालाही मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. वाहक माणूस सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर अपत्य वाहक असू शकते, रुग्ण नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात हुंडा नको, मानपान नको, यावर दोन्ही घरांनी एकमताने निर्णय घेतला होता. रक्ताचा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आता भाचीचा थोरला भाऊ लग्नाचा झाला आहे. तो वाहक आहे. त्याने स्वतःच आपला तपासणीचा कागद मुलीकडच्यांपुढे ठेवला आणि त्यांचाही मागितला. पहिल्या घरी त्यांना राग आला. दुसऱ्या घरी मुलगी म्हणाली, "माझी तपासणी कॉलेजातच झाली आहे, कागद घरात आहे."

ती शिबिरातली मुलगी पुढे रसायनशास्त्र घेणार आहे असे ऐकतो. तिला द्यावयाचे उत्तर लांबले, म्हणून ते येथे लिहून ठेवले. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पुण्यात कोणी एका फांदीची लांबी कमीजास्त करून पाहत होते, तेव्हा त्यातून जठराचे छिद्र बुजविण्याचा विचार निघेल हे आधी कोणाला माहीत नव्हते. गढूळ का होते, हा प्रश्नही तशाच मोलाचा आहे. तो विचारावयास पदवी लागत नाही. मात्र त्याचे पुढचे उत्तर शोधावयास तुमच्यापैकी कोणीतरी प्रयोगशाळेत गेले पाहिजे.